गोळी नळीला विचारून निवडावी



कामगार संघटनेत काम करणारा माणूस नेमबाजीच्या गोळीवर काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. चालकांच्याही मनात ती आली होती. त्यांनी मला किमान वेतन, कंत्राटी पद्धत असे माझ्या रोजच्या कामाचे विषय सुचवून पाहिले. पण त्या विषयांवर मी वर्षभर बोलतो आणि ऐकणाऱ्यांना ते पाठ झाले आहेत. शिवाय आजचा विषय वरवर दिसतो तितका माझ्या कामापासून दूर नाही. माझे शाळेतले शिक्षण थोडके. बाकीचे वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. संघटनेच्या निमित्ताने खडकी, वरणगाव, अंबरनाथ अशा ठिकाणच्या कामगारांबरोबर बसण्याउठण्याचा योग आला, आणि काडतूस ही काय चीज आहे ते मी त्यांच्याकडून शिकलो. ज्यांनी ती वस्तू हाताने घडवली त्यांच्याकडून ऐकले आहे, एवढाच माझा अधिकार.

प्रश्न साधा आहे. एखाद्या नेमबाजाने नवी कोरी, अचूक नेमासाठी खास बांधून घेतलेली रायफल आणली. तिच्यात गोळी कोणती घालावी? दुकानदार म्हणेल, सर्वांत महाग असेल ती घाला. मित्र म्हणेल, अमक्याने जिच्यावर पदक मिळवले ती घाला. तिसरा कोणी म्हणेल, जिचा वेग जास्त ती घाला. माझे म्हणणे असे की या तिघांचेही ऐकून घ्यावे आणि मग रायफलीच्या नळीला विचारावे. निकाल तिचा. आता, नळीला विचारायचे म्हणजे खर्च येतो, आणि तो खर्च एकट्यादुकट्याला झेपत नाही. म्हणून हा प्रश्न शेवटी संघटनेच्या दाराशी येऊन उभा राहतो, आणि तिथे मला बोलण्याचा हक्क पोचतो.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचा जो सामना होतो, त्यात .२२ बोअरचे काडतूस वापरतात. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असलेल्यांनी हीच ‘टू-टू’ची गोळी झाडलेली असेल. या काडतुसाचा आजचा प्रकार अमेरिकेत १८८७ साली निघाला, आणि तेव्हापासून त्याची ठेवण फारशी बदललेली नाही. एक पितळी पुंगळी, तिच्या बुडाच्या कडेत आतून भरलेला पेट घेणारा मसाला, वर चिमूटभर दारू, आणि तोंडाशी बसवलेली सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी. गोळीला बाहेरून मेण किंवा वंगण लावलेले असते. घोडा ओढला की आतला खिळा पुंगळीची कडा चेपतो, मसाला पेटतो, दारू जळते आणि गोळी नळीतून निघते. नळीच्या आत आटे कोरलेले असतात. साधारणपणे दर ४० सेंटिमीटरला एक पूर्ण फेरा. म्हणजे लक्ष्यापर्यंतच्या ५० मीटरांत गोळी स्वतःभोवती सव्वाशेच्या आसपास गिरक्या घेते. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, तशी ही गोळी गिरकीमुळे सरळ जाते.

आता लक्ष्य पाहा. ५० मीटरवरच्या निशाणातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. मोठ्या वाटाण्याएवढे म्हणा ना! गोळीची कड त्याला नुसती शिवली तरी गुण मिळतो, ही एवढीच सवलत. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी याच सामन्यात कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींत हा सामना चालतो. प्राथमिक फेरीत साठ गोळ्यांत त्यांचे ५९० गुण झाले, आणि तेवढ्यावर ते आठ जणांच्या अंतिम फेरीत सातवे म्हणून दाखल झाले. सहाशेपैकी दहा गुण गमावल्यावर माणूस सातवा! अशा ठिकाणी गोळीने स्वतःच्या मर्जीने दोन मिलिमीटर इकडेतिकडे जाणे परवडत नाही. माणसाचा हात हलतो, श्वास हलतो, वारा हलतो. निदान गोळीने तरी हलू नये.

आणि गोळी हलते कशाने? एकच हिशेब सांगतो. सामन्याची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. ५० मीटर जाईपर्यंत पृथ्वी तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढते. हे नेम लावताना जमेस धरलेले असते, त्यामुळे त्याची चिंता नाही. पण एका गोळीचा वेग ३२५ आणि दुसरीचा ३३५ असला, तर दोघींच्या पडण्यात सुमारे ७ मिलिमीटरचा फरक येतो. माणसाची काही चूक नसताना दहाचा नऊ होतो. म्हणून वेग जास्त असण्यापेक्षा वेग सारखा असणे महत्त्वाचे. उलट, जास्त वेगाची गोळी ध्वनीच्या वेगापुढे जाते आणि वाटेत मंदावत परत त्या सीमेखाली येते. त्या उतरणीला हवेचे हेलकावे बसतात. यासाठीच सामन्याची गोळी मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत ठेवलेली असते. ‘जोरदार’ गोळी मागणाऱ्या तरुणाला हे समजावून सांगावे लागते. नेमबाजी ही जोराची कला नाही. ती सारखेपणाची कला आहे.

येथे थोडा इतिहास सांगतो, कारण नव्या रायफलीला गोळी निवडण्याचा प्रश्न आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. इंग्रजांनी १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल काढली. तिच्या नळीत आटे होते, नेम पूर्वीच्या बंदुकांपेक्षा पुष्कळ लांबवर लागत असे. तिचे काडतूस कागदाचे होते. टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट आत ठासायची. आट्यांतून ती नीट सरकावी म्हणून कागदाला चरबी माखलेली असे. तेवढी गरज खरीच होती, आजच्या.२२ च्या गोळीला मेण लावतात ते याच कारणाने. पण चरबी गाईची की डुकराची, हा संशय शिपायांत पसरला. ज्याने ते काडतूस तोंडात धरायचे त्याला कोणी काही विचारले नव्हते. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. मीरतला काडतुसे नाकारणाऱ्या ८५ शिपायांना ९ मे रोजी सर्वांदेखत बेड्या ठोकल्या, आणि १० मे रोजी भडका उडाला. उठावाची कारणे अनेक होती. जमिनी गेल्या होत्या, संस्थाने गेली होती. परंतु ठिणगी पडली ती काडतुसावर. नळीला विचारून गोळी केली होती; माणसाला विचारायचे राहिले होते. वापरणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला न विचारता घेतलेला निर्णय कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी तो अपुराच असतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नवी रायफल बांधून आली आहे. नळी एका कारागिराची, मागची कळ दुसऱ्या कारखान्याची, दस्ता तिसऱ्याने मापाप्रमाणे बसवलेला. जर्मनीतील उल्म गावच्या आन्शुट्झसारखी घराणी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. हे घराणे १८५६ सालचे, म्हणजे आपल्या गावात लोकमान्य जन्मले त्या वर्षीचे. पण अशा नामवंत घराण्याच्या लागोपाठ क्रमांकाच्या दोन नळ्याही अगदी एकसारख्या नसतात. आतल्या व्यासात केसाच्या हिश्शाएवढा फरक, गोळी बसते त्या घराच्या तोंडात फरक, गोळी सुटताना नळी जी थरथरते त्या थरथरण्यात फरक. दोन सख्खे भाऊ एका आईचे, एका घरात वाढलेले. पण एकाला नाचणीची भाकरी पचते, दुसऱ्याला तांदळाची. नळीचे तसेच आहे.

तीच गोष्ट गोळीची. आपल्या घरी चकल्या करतात. पीठ एक, सोऱ्या एक, तेल एक. तरी पहिला घाणा आणि चौथा घाणा यांत फरक पडतोच. कारखान्यातही काडतुसांचे घाणे असतात. त्यांना लॉट म्हणतात. दारूचे पोते बदलले, शिशाची नवी लगड आली, यंत्राचा ठसा झिजला म्हणून बदलला, की लॉट बदलला. प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. पुष्कळ लोक खोक्यावरचे नाव वाचतात आणि हा क्रमांक वाचत नाहीत. जाणता नेमबाज नाव एकदा वाचतो, क्रमांक दोनदा. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटांपैकी एक तुमच्या नळीतून वाटाण्याएवढ्या जागेत पडेल आणि दुसरा बोराएवढ्या. तोच दुसरा लॉट शेजाऱ्याच्या नळीतून उत्तम पडेल. म्हणून ‘सर्वांत चांगली गोळी कोणती?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या नळीला यांतला कोणता लॉट मानवतो?’ या प्रश्नाला आहे.

ते उत्तर कसे काढायचे, हे क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट सुरक्षेची. नळीवर ज्या काडतुसाचे नाव कोरले असेल तेच घालावे. .२२ मध्येही आखूड, लांब, मॅग्नम असे प्रकार आहेत. दिसायला भावंडे, पण एकमेकांच्या घरात घालायची नव्हेत. काडतूस घरी उघडून पाहणे, त्यात काही कमीजास्त करणे, हा उद्योग कोणी करू नये. रायफल परवान्याची, गोळी परवान्यावरची, आणि चाचणी मान्यताप्राप्त मैदानावर जाणत्याच्या देखरेखीखाली.

दुसरी गोष्ट धीराची. नवी नळी पहिल्याच दिवशी आपला स्वभाव सांगत नाही. काही गोळ्या गेल्या, आतून वंगणाचा सारखा हात बसला, की ती स्थिरावते. एक लॉट संपवून दुसरा घेतला की आधीच्या मेणाचा अंश नळीत असतो. म्हणून नव्या लॉटच्या पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत.

तिसरी गोष्ट, चाचणीत माणसाला बाजूला ठेवावे. रायफल पक्क्या शिकंज्यात बसवावी, म्हणजे हाताचा दोष गोळीच्या माथी जाणार नाही. ज्याला शिकंजा मिळत नाही त्याने निदान भक्कम टेकूवरून झाडावे. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा चाचणी सकाळी लवकर किंवा बंद जागेत घ्यावी. नाहीतर वाऱ्याला दिलेले गुण लॉटच्या नावावर मांडले जातात.

चौथी गोष्ट संख्येची, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. पाच गोळ्या झाडल्या, पाचही एका भोकात गेल्या, की माणूस हुरळून तोच लॉट उचलतो. पाच गोळ्या म्हणजे पाच फेकी. नाणे पाच वेळा उडवून पाचही वेळा छापा आला, म्हणून नाण्याला दोन्ही बाजूंना छापा आहे असे आपण म्हणत नाही. प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे निदान चार पुंजके घ्यावेत आणि चाळीसही गोळ्या एका निशाणावर मांडून पाहाव्यात. मग एखादा लॉट असा दिसतो की ज्यातल्या अडतीस गोळ्या सुरेख आणि दोन भरकटलेल्या. तो टाकावा. साठ गोळ्यांच्या सामन्यात तशा तीन निघतील, आणि त्या केव्हा निघतील ते ठाऊक नसते. सर्वांत देखण्या पुंजक्याला भुलू नये. सर्वांत वाईट पुंजका पाहून लॉट निवडावा. आमच्या धंद्यात आम्ही हेच सांगतो की कारखान्याची पारख साहेबाच्या खोलीवरून करू नका. पाळी संपताना शेवटच्या खात्यात जाऊन पाहा.

पाचवी गोष्ट, लॉट ठरला की वर्षभर पुरेल एवढा तोच घ्यावा. तो संपला की तसाच पुन्हा मिळणार नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तो कोरड्या, सारख्या तपमानाच्या जागी ठेवावा. आणि एक वही ठेवावी: तारीख, लॉट, हवा, पुंजक्याचे माप. वही नसेल तर चाचणी म्हणजे नुसता आवाज.

हे सारे ऐकून आपल्या ध्यानात आले असेल की यात मुख्य अडचण कोणती. चार लॉट तपासायचे म्हणजे हिशेबातल्या एकशेसाठ गोळ्या, वर नळी बसवायच्या वेगळ्या, आणि त्यानंतर वर्षाची खरेदी. सामन्याची काडतुसे बहुतांशी परदेशातून येतात. काही इंग्लंडमधील ईलीची, काही जर्मनीतील आर.डब्ल्यू.एस.ची, काही मूळच्या फिनलंडच्या लापुआची, जिचे .२२ चे काडतूस जर्मनीत तयार होते. परदेशी नेमबाज आपली नळी घेऊन कारखान्याच्या चाचणी-बोगद्यात जातो, तिथे ती शिकंज्यात बसवतात, लॉटवर लॉट झाडून दाखवतात, आणि हवा तो घेऊन तो घरी येतो. राधानगरीच्या किंवा राजापूरच्या मुलाने काय करायचे? जे खोके हाती येईल ते उघडायचे, आणि गुण गेला की स्वतःच्या हाताला दोष द्यायचा. वर्षानुवर्षे चांगली मुले अशी स्वतःला दोष देत खेळ सोडून जातात. त्यांतल्या कितींचा दोष हातात होता आणि कितींचा खोक्यात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

स्वप्नील कुसाळे यांचे वडील शिक्षक. मुलगा २००९ साली शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, २०१५ साली मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला, आणि दीपाली देशपांडे यांच्यासारख्या ऑलिंपिक खेळलेल्या मार्गदर्शक त्याला लाभल्या. प्रबोधिनी ते पदक, पंधरा वर्षे. मी त्याला ‘रेल्वे कामगाराचे पदक’ म्हणतो. त्यात त्याच्या कर्तृत्वाला उणेपणा नाही. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांच्या यशातही कष्टाइतकाच वाटा मागे उभ्या राहिलेल्या माणसांचा होता. गुणी मूल खेड्यात जन्मते हे सिद्ध झाले आहे. त्याला नळीला विचारण्याची सोय खेड्यात मिळते का, एवढेच शिल्लक आहे.

ही सोय एकट्याने होत नाही, ती दहा जणांनी मिळून होते. दहा नेमबाजांनी प्रत्येकी चार लॉटांची वेगळी खरेदी करण्यापेक्षा, दहा जणांनी मिळून आठ लॉट थोडे थोडे आणावेत, एकाच शिकंज्यात दहाही रायफली तपासाव्यात. एकाला न मानवलेला लॉट दुसऱ्याला मानवतो. माल वाया जात नाही. वही एक असावी आणि ती सर्वांना उघडी असावी. हेच तत्त्व आम्ही पतपेढीत वापरले, ग्राहक भांडारात वापरले, आंबा बागायतदारांनी सहकारी संस्थांत वापरले. ‘माझा लॉट कोणता ते मी सांगणार नाही’ असे म्हणणारा नेमबाज एक सामना जिंकेल. वही उघडी ठेवणारे मंडळ दहा नेमबाज तयार करील.

आणि याची सुरुवात रत्नागिरीत उद्या होऊ शकते, कारण त्यासाठी .२२ च्या परवान्याची वाट पाहायला नको. दहा मीटरच्या हवेच्या रायफलीत तोच धडा लहान अक्षरांत लिहिलेला आहे. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या अशा हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. छर्ऱ्याच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी डोक्याची मापे असतात. शाळेतल्या मुलांनी तीन डबे आणून, एकच रायफल टेकूवर ठेवून, दहा-दहाचे पुंजके मोजून पाहावेत. सरासरी म्हणजे काय, योगायोग म्हणजे काय, हे त्यांना फळ्यापेक्षा लवकर कळेल. फक्त देखरेख असावी, मागे भक्कम आड असावी, आणि शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी डब्याला हात लावू नये. शिसे हे विष आहे, ते हळू चढते.

हात धुण्याचा विषय निघाला म्हणून शेवटी त्या हातांविषयी बोलतो, जे गोळी घडवतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. वरणगावचा १९६४ सालचा. अंबरनाथला पितळ ओतून पुंगळीच्या वाट्या होतात, भंडाऱ्याला दारू होते. एक काडतूस म्हणजे अर्धा महाराष्ट्र फिरून आलेला नग असतो. या कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे नेतृत्व एसेम जोशींनी केले. त्यांचे घराणे मूळ आपल्या जिल्ह्यातल्या गोळपचे. खडकीला फेडरेशनच्या कचेरीला आज त्यांचेच नाव आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारने या कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्याच्या बऱ्यावाईटाचा वाद आज इथे काढत नाही. पण एक गोष्ट सांगतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले. जगात ज्या लापुआच्या नावाला नेमबाज मान देतात, त्या फिनलंडच्या लापुआ गावी १३ एप्रिल १९७६ रोजी काडतुसांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीस माणसे गेली. त्यांत पस्तीस बायका होत्या. खोक्यावर लॉटचा क्रमांक असतो, हे नसते.

मी आपल्याला सारखेपणाविषयी सांगत आलो. तो सारखेपणा यंत्र एकटे देत नाही. मसाला भरणारीची झोप पुरी झालेली असावी लागते, ठसा झिजला हे फोरमनला निर्भयपणे सांगणारा माणूस लागतो, आणि आज आहे तो कामगार उद्याही त्याच जागी असेल अशी शाश्वती लागते. दर सहा महिन्यांनी माणसे बदलली तर घाणाही बदलणारच. कामगाराच्या सुरक्षेचा प्रश्न आणि नेमबाजाच्या दहा गुणांचा प्रश्न हे एकाच दोरीची दोन टोके आहेत. ज्या कारखान्यात कामगाराच्या जिवाची किंमत सांभाळली जाते, तिथल्या लॉटवर नेमबाजाने विसंबावे.

तेव्हा ज्यांच्या घरी उद्या नवी रायफल येणार असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच. नाव, किंमत आणि वेग या तिघांना नमस्कार करावा आणि नळीला विचारावे. विचारताना एकट्याने विचारू नये, मंडळ करून विचारावे. उत्तर मिळाले की वहीत लिहून ठेवावे, म्हणजे मागून येणाऱ्या गरिबाच्या मुलाला तेच पुन्हा पैसे मोजून विचारावे लागणार नाही. आणि खोके उघडताना ते भरणाऱ्यांची एकदा आठवण ठेवावी.